ओलँप द गूज आणि स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा

मानवाच्या व नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने 26 ऑगस्ट 1789 रोजी मंजूर केला. जन्माने कोणी श्रेष्ठ नाही आणि कायद्यापुढे सारे सारखे, असे बजावणाऱ्या त्याच्या 17 कलमांनी सरंजामी फ्रान्सचा पायाच उखडला. दोन वर्षांनी, सप्टेंबर 1791 मध्ये, ओलँप द गूज या पॅरिसमधील नाटककार स्त्रीने त्याच 17 कलमांच्या क्रमाने आणि त्याच घडणीत दुसरा जाहीरनामा लिहून छापला. तो स्त्रीच्या व नागरिक स्त्रीच्या हक्कांचा होता. क्रांतीने साऱ्या मानवजातीला दिलेला शब्द प्रत्यक्षात अर्ध्या राष्ट्रापुरताच पाळला जात आहे, हे तिने क्रांतीच्याच भाषेत मांडले. कर स्त्रीकडूनही घ्यायचा, कायदा तिलाही लागू करायचा, शिक्षाही तिला तितकीच कडक द्यायची आणि कर, कायदा व शिक्षा ठरवताना मात्र तिला दाराबाहेर ठेवायचे, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. तिच्या साऱ्या लढ्याचे सूत्र हेच होते.

माँतोबाँ ते पॅरिस

ओलँपचे मूळ नाव मारी गूझ. तिचा जन्म 7 मे 1748 रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील माँतोबाँ या गावी झाला. आईचे नाव आन-ओलँप मुइसे. कागदोपत्री वडील पिएर गूझ हे खाटीक होते. आपले खरे वडील ज्याँ-जाक लफ्राँ द पाँपिन्याँ हे सरदार व कवी, असे ती पुढे सांगत असे. या सरदाराने मात्र तिला कधी उघडपणे आपली म्हटले नाही. अनौरस अपत्याला बापाकडे काहीही मागता येत नाही, त्याच्या आईला तोंड उघडता येत नाही, हा अनुभव तिच्या विचारांत खोलवर रुजला. तिच्या जाहीरनाम्यातील एक संपूर्ण कलम याच प्रश्नाला वाहिलेले आहे. तिची मायबोली ऑक्सितान होती, पॅरिसची फ्रेंच तिला नंतर आत्मसात करावी लागली. शालेय शिक्षण बेताचेच असल्यामुळे ती आपला मजकूर बहुधा लेखनिकाला सांगून उतरवून घेई.

1765 मध्ये, वयाच्या 17व्या वर्षी, तिचे लग्न लुई-ईव्ह ओब्री याच्याशी लावून देण्यात आले. हे लग्न तिच्या मनाविरुद्ध होते. पुढच्या वर्षी तिला पिएर हा मुलगा झाला आणि थोड्याच काळात नवरा वारला. तिने पुन्हा लग्न केले नाही. विधवा ओब्री हे नावही तिने लावले नाही. आईच्या नावातील ‘ओलँप’ घेऊन आणि वडिलांच्या आडनावाला नवे रूप देऊन तिने स्वतःचे नाव स्वतः घडवले. पुनर्विवाह टाळण्यामागे कडू आठवणींइतकेच एक व्यावहारिक कारणही होते. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून आपले लेखन प्रसिद्ध करता येत नसे. लेखणी स्वतःच्या हातात ठेवायची तर वैधव्यातले स्वातंत्र्य सोडणे तिला परवडणारे नव्हते.

1770च्या सुमारास ती मुलाला घेऊन पॅरिसला आली. लष्करी मालवाहतुकीच्या व्यवसायातील जाक बिएत्रिक्स द रोझिएर याच्याशी तिचे दीर्घकाळ संबंध होते. त्याने मागणी घालूनही तिने लग्नाला नकार दिला. त्याच्या आर्थिक आधारावर ती शहराच्या वाङ्मयीन वर्तुळात वावरू लागली आणि 1780च्या दशकात नाटके लिहू लागली. पुढे राजकीय पुस्तिका आणि भित्तिपत्रकेही तिने पदरमोड करून छापली. तिच्यामागे कोणताही पक्ष, संस्था किंवा वृत्तपत्र नव्हते.

गुलामगिरीविरुद्धचे नाटक

स्त्रियांच्या हक्कांआधी तिने आवाज उठवला तो वसाहतींतील गुलामांसाठी. झामोर आणि मिर्झा या गुलाम प्रेमिकांवरचे तिचे नाटक कॉमेदी-फ्रांसेज या शाही नाटकमंडळीने 1785 मध्ये स्वीकारले. मिर्झावर वाईट नजर ठेवणारा मुकादम झामोरच्या हातून मारला जातो, दोघे पळून जातात आणि एका फ्रेंच जोडप्याचे प्राण वाचवतात, असे त्याचे कथानक आहे. नाटक स्वीकारले गेले, तरी रंगमंचावर येण्यासाठी त्याला चार वर्षे वाट पाहावी लागली. मधल्या काळात, 1788 मध्ये, तिने कृष्णवर्णीयांच्या स्थितीवर एक टिपण छापले. माणसामाणसांतला रंगाचा फरक निसर्गाने केला असला, तरी त्यावरून मालक आणि गुलाम ठरवण्याचे काम बळजबरीने आणि नफ्याच्या हावेने केले आहे, असे तिचे म्हणणे होते.

अखेर 28 डिसेंबर 1789 रोजी नाटकाचा पहिला प्रयोग झाला. साखर, कॉफी आणि नीळ यांच्या मळ्यांवर श्रीमंत झालेल्या वसाहतवाल्यांचा पॅरिसमध्ये मोठा दबदबा होता. प्रयोगाच्या वेळी नाट्यगृहात गदारोळ झाला आणि तीन प्रयोगांनंतर नाटक बंद पडले. हक्कांचा जाहीरनामा मंजूर होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. मोठमोठी तत्त्वे आपोआप सर्वांपर्यंत पोहोचत नाहीत, ज्यांच्या हितसंबंधांना धक्का लागतो ते त्यांची वाट अडवतात, हे तिने येथे जवळून पाहिले. गुलाम आणि स्त्री या दोघांच्या पारतंत्र्याचे मूळ एकच, बलिष्ठाने बळाला हक्काचे नाव देणे, ही जोड तिच्या लेखनात पुढेही टिकून राहिली.

क्रांतीतील स्त्रिया आणि त्यांचे स्थान

जुन्या राजवटीत मुलगी बापाच्या आणि बायको नवऱ्याच्या ताब्यात असे. बहुतेक प्रांतांत विवाहित स्त्रीच्या मालमत्तेची व्यवस्था नवरा पाही. घटस्फोट नव्हता, फार तर विभक्त राहण्याची परवानगी मिळे. हुंड्याची सोय न झालेल्या कितीतरी मुलींना मठात धाडले जाई. अशा सक्तीच्या संन्यासावर ओलँपने 1790 मध्ये एक नाटक लिहिले आणि त्याच वर्षी घटस्फोटाची गरज मांडणारे दुसरेही लिहिले.

क्रांतीच्या उंबरठ्यावर, नोव्हेंबर 1788 मध्ये, तिने जनतेला उद्देशून एक पुस्तिका काढली. दिवाळखोर तिजोरीला सावरण्यासाठी सर्व थरांतील लोकांनी ऐच्छिक देशकर द्यावा, ही कल्पना तिने त्यात मांडली. पाठोपाठच्या पुस्तिकेत वृद्धांसाठी व निराधार मुलांसाठी आश्रयगृहे, हिवाळ्यात काम गमावणाऱ्या मजुरांसाठी निवारा आणि चैनीच्या वस्तूंवर कर यांची योजना होती. बाळंतिणींचे हाल तिला विशेष अस्वस्थ करीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र आणि स्वच्छ रुग्णालय असावे, अशी मागणी तिने 1789 मध्ये केली. तिच्या लेखी राजकीय हक्क आणि रोजचे जगणे हे एकाच प्रश्नाचे भाग होते.

5 ऑक्टोबर 1789 रोजी पॅरिसच्या बाजारांतील हजारो स्त्रिया भाकरीच्या टंचाईने संतापून पावसाचिखलातून व्हर्सायवर चालून गेल्या. राष्ट्रीय सभेच्या दालनात शिरून त्यांनी धान्याची मागणी केली. हक्कांच्या जाहीरनाम्याला मान्यता देण्याचे राजा सोळावा लुई तोवर टाळत होता. त्याने ती मान्यता त्याच संध्याकाळी दिली, आणि दुसऱ्या दिवशी राजकुटुंबाला या जमावासोबत पॅरिसला यावे लागले. ज्या जाहीरनाम्यात स्त्रियांना जागा मिळाली नाही, त्यावर राजाची मोहोर उमटली ती स्त्रियांच्या रेट्यामुळे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सभेने नागरिकांची दोन वर्गांत विभागणी केली. 25 वर्षांवरील आणि तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणारे पुरुष सक्रिय नागरिक ठरले, मतदान त्यांनाच. उरलेले सारे निष्क्रिय. सुमारे 43 लाख पुरुष पहिल्या वर्गात बसले. गरीब पुरुषाला निदान श्रीमंत होऊन त्या वर्गात जाण्याची वाट मोकळी होती. स्त्रीला कितीही कर भरला तरी ती वाट नव्हती. जुन्या राजवटीत जहागीर असलेल्या स्त्रिया आणि जोगिणींचे मठ यांना 1789च्या निवडणुकीत प्रतिनिधीमार्फत मत देता आले होते. नव्या व्यवस्थेने तेवढेही काढून घेतले.

या अन्यायाविरुद्ध बोलणारी ओलँप एकटी नव्हती. गणितज्ञ व तत्त्वज्ञ काँदॉर्से याने जुलै 1790 मध्ये स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क द्यावेत, असा निबंध छापला. गर्भारपण किंवा अधूनमधून येणारे आजारपण हक्क नाकारायला पुरेसे असेल, तर दर हिवाळ्याला संधिवाताने आणि सर्दीने बेजार होणाऱ्या पुरुषांचे काय, असा त्याचा बिनतोड सवाल होता. डच वंशाच्या एटा पाम द आल्डर्स हिने डिसेंबर 1790 मध्ये पॅरिसच्या एका मंडळात कायद्यातील अन्यायावर भाषण केले. ओलँपने या चर्चेला कायद्याच्या मसुद्याचे रूप दिले. निबंध वाचून बाजूला ठेवता येतो. मसुद्यातील कलमांना ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यावेच लागते.

जाहीरनामा, कलमाकलमाने

फ्रान्सची पहिली लिखित राज्यघटना 3 सप्टेंबर 1791 रोजी पूर्ण झाली आणि 14 सप्टेंबरला राजाने ती स्वीकारली. ओलँपचा जाहीरनामा याच दिवसांतला आहे. राणी मारी आंत्वानेत हिला उद्देशून लिहिलेले पत्र, पुरुषाला थेट जाब विचारणारा छोटा मजकूर, प्रास्ताविक, 17 कलमे, स्त्रियांना केलेले आवाहन आणि शेवटी स्त्री-पुरुषांमधील कराराचा नमुना, अशी त्याची रचना आहे. पुरुषाला ती विचारते की माझ्या जातीवर हुकूम गाजवण्याचा अधिकार तुला दिला कोणी. प्राणी, वनस्पती, सारी सृष्टी धुंडाळून पाहा, तेथे नर आणि मादी मिळून काम करताना दिसतील, एकाने दुसऱ्याला सर्वस्वी दडपलेले कुठे सापडणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. त्या काळातील सारे विचारवंत निसर्गाच्या नावाने हक्क मांडत होते आणि त्याच निसर्गाच्या नावाने स्त्रीला घरात बसवत होते. ओलँपने साक्षीला निसर्गच बोलावला.

काही ठिकाणी ती मूळ कलमात केवळ स्त्रीची भर घालते आणि तेवढ्यानेही अर्थ पालटतो. पहिले कलम स्त्रीला जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांत पुरुषाच्या बरोबरीची ठरवते. तिसरे कलम सांगते की सार्वभौमत्व राष्ट्राचे असते आणि राष्ट्र म्हणजे स्त्री-पुरुषांचा एकत्र समुदाय. सहाव्या कलमाप्रमाणे कायदा हा सर्वांच्या इच्छेतून निघतो. तेव्हा तो घडवण्यात सर्व नागरिक स्त्री-पुरुषांचा प्रत्यक्ष किंवा प्रतिनिधींमार्फत सहभाग हवा आणि गुणवत्तेखेरीज दुसरी अट न घालता सर्व पदे दोघांनाही खुली हवीत.

काही ठिकाणी ती मूळ कलमाचा आशयच बदलते. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला इजा न होईल ते सारे करण्याची मोकळीक, असे मूळ चौथे कलम मानते. ओलँपच्या चौथ्या कलमात स्वातंत्र्य आणि न्याय म्हणजे ज्याचे जे आहे ते त्याला परत करणे. स्त्रीच्या नैसर्गिक हक्कांपुढे आजवर एकच अडसर उभा आहे, पुरुषाची अखंड जुलूमशाही, आणि तो निसर्गाच्या व विवेकाच्या कायद्याने दूर झाला पाहिजे, असे ते म्हणते. येथे ती दान मागत नाही. हिरावून घेतलेले परत मागते.

सातवे कलम तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. कायद्याने ठरवलेल्या प्रसंगी स्त्रीला अटकही होईल आणि तिच्यावर खटलाही चालेल, त्यातून तिला कोणतीही सूट नको, असे ते सांगते. दुर्बळ म्हणून मिळणारी सवलत तिने आधीच नाकारली. या नकारातूनच दहाव्या कलमाला धार येते. आपल्या मतांबद्दल कोणालाही छळले जाऊ नये, हे मूळ तत्त्व घेऊन ती पुढे म्हणते की स्त्रीला जर वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर तिला भाषणाच्या व्यासपीठावर चढण्याचाही हक्क असलाच पाहिजे. अट एकच, तिच्या बोलण्याने कायद्याने घालून दिलेली सार्वजनिक शांतता बिघडता कामा नये. मरणदंडापुरती स्त्री पूर्ण व्यक्ती मानली जाते आणि मतापुरती मात्र अपुरी, या विसंगतीला त्या सभेतील एकाही विद्वानाकडे उत्तर नव्हते.

अकरावे कलम मतस्वातंत्र्याचे. मूळ जाहीरनाम्यात ते लिहिण्या-बोलण्याच्या आणि छापण्याच्या स्वातंत्र्याबद्दल आहे. ओलँप ते घराच्या उंबऱ्याआड नेते. या स्वातंत्र्यामुळे अपत्याचा बाप कोण हे उघड होऊ शकते, म्हणून ते स्त्रीच्या सर्वांत मोलाच्या हक्कांपैकी एक आहे, असे ती मानते. लोकलाजेच्या दडपणाखाली सत्य लपवण्याची पाळी स्त्रीवर येऊ नये आणि आपल्या मुलाच्या बापाचे नाव तिला निर्भयपणे घेता यावे, अशी तिची मागणी आहे. फसवल्या गेलेल्या मुलीने गप्प राहायचे आणि फसवणाऱ्याने उजळ माथ्याने फिरायचे, या रिवाजावर हा थेट घाव होता.

तेरावे ते सोळावे कलम सार्वजनिक जीवनाचे आहे. शासनाच्या खर्चासाठी स्त्री-पुरुष सारखाच वाटा उचलतात. वेठ आणि कष्टाची सारी कामे स्त्रीच्या वाट्याला येतातच, तर पदे, नोकऱ्या, मानसन्मान आणि उद्योगधंदे यांतही तिचा वाटा तितकाच असला पाहिजे. कर का आणि किती, हे तपासण्याचा आणि प्रत्येक अधिकाऱ्याकडून कारभाराचा हिशेब मागण्याचा हक्क तिला हवा. राष्ट्रातील बहुसंख्य व्यक्तींनी घडवण्यात भाग घेतला नसेल, तर ती राज्यघटना रद्दबातल समजावी, असे सोळावे कलम सांगते. ज्या दिवसांत नव्या घटनेचा जयजयकार चालला होता, त्याच दिवसांत या एका वाक्याने त्या घटनेच्या वैधतेलाच हात घातला. सतरावे कलम मालमत्तेचे असून एकत्र असोत वा विभक्त, संपत्ती दोघांचीही, असे ते ठरवते.

लग्नाच्या जागी करार

कलमांनंतर ती स्त्रियांकडे वळते. जागे व्हा, आपले हक्क ओळखा, असे सांगताना ती स्त्रियांनाही बोल लावते. पुरुषाने आपल्या बेड्या तोडताना स्त्रीची ताकद वापरली आणि मोकळा होताच तो सोबतिणीशी अन्यायाने वागू लागला, हे तिचे निरीक्षण आहे. जुन्या दरबारात स्त्रियांना सत्ता मिळे ती रूपाच्या आणि कारस्थानांच्या वाटेने. उघड हक्क नसले की माणूस चोरवाटा धरतो. या चोरवाटांची जागा शिक्षण, मालमत्ता आणि सार्वजनिक पदे यांनी घ्यावी, असा तिचा आग्रह होता.

मजकुराच्या शेवटी जोडलेला करार हा नागरी विवाहाचा नमुना आहे. दोघे स्वखुशीने, परस्परांवरचे प्रेम टिकेल तोवर एकत्र येतात. संपत्ती सामाईक राहते, पण आपापल्या अपत्यांना वाटा देण्याचा अधिकार दोघेही राखून ठेवतात, मग ते अपत्य कोणत्याही संबंधातून झालेले असो. ज्या आईबापांनी मुलाला आपले म्हटले, त्यांचे नाव लावण्याचा मुलाला हक्क राहतो. विभक्त झाल्यास मालमत्तेची वाटणी होते. लग्नाचे वचन देऊन सोडून जाणाऱ्या पुरुषाकडून, त्याच्या ऐपतीनुसार, स्त्रीला भरपाई मिळावी, अशीही सूचना सोबत आहे.

जाहीरनाम्याची त्या वेळी फारशी दखल घेतली गेली नाही, राष्ट्रीय सभेत त्यावर चर्चाही झाली नाही. कुटुंबाच्या कायद्यात मात्र क्रांती काही पावले पुढे सरकली. मृत्युपत्र नसेल तर मुलामुलींना सारखा वारसा, हा कायदा एप्रिल 1791 मध्येच झाला होता. 20 सप्टेंबर 1792 रोजी नागरी विवाह आणि घटस्फोट यांचे कायदे आले. परस्परसंमतीने किंवा स्वभाव न जुळण्याच्या कारणावरूनही काडीमोड घेता येऊ लागला, आणि तो मागण्याचा हक्क नवरा-बायकोला सारखाच होता. मत देण्याच्या आणि कायदा करण्याच्या हक्काची दारे मात्र बंदच राहिली. जून 1793च्या घटनेने मालमत्तेची अट काढून सर्व पुरुषांना मताधिकार दिला, स्त्रियांना दिला नाही, आणि ती घटना अमलातही आली नाही.

रक्तपाताला विरोध

10 ऑगस्ट 1792 रोजी राजवाड्यावर हल्ला होऊन राजेशाही कोसळली. सप्टेंबरच्या सुरुवातीला पॅरिसच्या तुरुंगांतील कैद्यांची सर्रास कत्तल झाली आणि त्याच महिन्यात प्रजासत्ताक जाहीर झाले. ओलँप तोवर घटनात्मक राजेशाहीच्या बाजूची होती, नंतर तिने प्रजासत्ताक स्वीकारले. कत्तली मात्र तिने कधी स्वीकारल्या नाहीत. अपराध्यांचे रक्तदेखील क्रूरपणे सांडले तर क्रांतीला कलंक लागतो, असे तिचे मत होते. मारा आणि रोबेस्पिएर या जहाल पुढाऱ्यांवर तिने पत्रकांतून उघड टीका केली.

डिसेंबर 1792 मध्ये राजावर खटला सुरू झाला, तेव्हा त्याच्या बचावासाठी वृद्ध वकील मालझेर्ब याच्या जोडीने उभे राहण्याची तयारी तिने राष्ट्रीय अधिवेशनाला, म्हणजे प्रजासत्ताकाच्या नव्या प्रतिनिधी सभेला, कळवली. राजा म्हणून लुई दोषी असेल, पण पदावरून उतरल्यावर तो माणूस आहे आणि त्याला मारल्याने राजेशाही मरत नाही, असे तिचे म्हणणे होते. अधिवेशनाने तिची विनंती विचारात घेतली नाही. उलट सार्वजनिक कामात पडणारी बाई म्हणून तिची हेटाळणी झाली. 21 जानेवारी 1793 रोजी राजाचा शिरच्छेद झाला.

तिची भूमिका सर्व बाजूंना गैरसोयीची होती. राजनिष्ठांना ती क्रांतिकारक वाटे, कट्टर क्रांतिकारकांना राजनिष्ठ. पोलीन लेओं आणि क्लेर लाकोंब यांनी मे 1793 मध्ये स्थापन केलेल्या क्रांतिकारी प्रजासत्ताक स्त्रियांच्या मंडळाचा कल जहाल होता, ओलँपचा मवाळ जिराँदिन गटाकडे. त्यामुळे स्त्रियांच्या बाजूने लढणाऱ्यांचीही एकी झाली नाही.

भित्तिपत्रक, खटला आणि शिक्षा

त्या काळच्या पॅरिसमध्ये भिंती हेच गरिबांचे वृत्तपत्र होते. पत्रक छापून डकवणाऱ्याच्या हाती दिले की काही तासांत चौकाचौकांत घोळके जमून ते मोठ्याने वाचू लागत. ओलँपने हे साधन सातत्याने वापरले आणि तेच तिच्या अटकेला कारण ठरले. जून 1793च्या सुरुवातीला जिराँदिन पुढाऱ्यांना अधिवेशनातून हाकलण्यात आले, अनेक प्रांतांनी बंड पुकारले, 13 जुलैला मारा याचा खून झाला. अशा दिवसांत तिने तीन मतपेट्यांची कल्पना मांडणारे पत्रक छापून घेतले. एकसंध प्रजासत्ताक, संघराज्य आणि राजेशाही या तिन्हींपैकी कोणती राजवट हवी, हे प्रांतोप्रांतीच्या लोकांनी मतदानाने ठरवावे आणि यादवी थांबवावी, असा प्रस्ताव त्यात होता.

प्रजासत्ताकाऐवजी दुसरी राजवट सुचवणारे लेखन 29 मार्च 1793च्या कायद्याने देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरवले होते. 20 जुलै रोजी हे पत्रक डकवण्याच्या खटपटीत असताना ओलँपला अटक झाली. आधी आबेई आणि मग ला फोर्स या तुरुंगांत तिला ठेवण्यात आले. तेथूनही तिने दोन पत्रके बाहेर पाठवून छापवून घेतली. विचार मांडण्याचे स्वातंत्र्य प्रजासत्ताकाने स्वतःच दिले आहे, तर मग खटला कशाचा, हा तिचा सवाल होता. तिने आपल्यावरचा खटला लवकर चालवण्याची मागणीही केली.

2 नोव्हेंबर 1793 रोजी ती क्रांतिकारी न्यायासनासमोर उभी राहिली. तिचा वकील आला नाही. दुसरा मागितल्यावर, स्वतःचा बचाव करण्याइतकी अक्कल तुझ्यापाशी आहे, असे तिला ऐकवण्यात आले. जिने स्त्रीला व्यासपीठावर बोलण्याचा हक्क मागितला होता, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात एकटीनेच बोलावे लागले. सरकारी वकील फूकिए-तँव्हील याने भित्तिपत्रकाबरोबरच तिच्या घरी सापडलेले अपुरे नाटकही पुराव्यात दाखल केले. त्यात राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घातलेली वाक्ये तिच्या राजनिष्ठेची खूण म्हणून पुढे करण्यात आली. राणीचे पात्र राणीसारखेच बोलणार, एवढीही सूट नाटककाराला मिळाली नाही. शिक्षा देहान्ताची झाली. आपण गर्भवती असल्याचे तिने सांगितले. तपासणीतून निश्चित काही निघाले नाही, तेव्हा फूकिए-तँव्हीलने तिचे म्हणणे फेटाळून अंमलबजावणीचा हुकूम दिला.

3 नोव्हेंबरला, वयाच्या 45व्या वर्षी, क्रांती चौकात तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. हाच आजचा काँकॉर्द चौक. आदल्या दिवशी तिने लष्करात अधिकारी असलेल्या मुलाला निरोपाचे पत्र लिहिले होते. ते त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. काही दिवसांतच, स्वतःचा जीव आणि हुद्दा सांभाळण्यासाठी, त्याने जाहीरपणे आईशी नाते तोडले.

तिच्यावरचा आरोप भित्तिपत्रकाचा होता, स्त्री-हक्कांच्या जाहीरनाम्याचा नव्हता. मृत्यूनंतर मात्र तिचा गुन्हा स्त्रीपणाशीच जोडला गेला. तिच्या खटल्याच्या तीन दिवस आधी, 30 ऑक्टोबरला, आमार या सदस्याच्या अहवालावरून अधिवेशनाने स्त्रियांच्या सर्व राजकीय मंडळांवर बंदी घातली होती. 17 नोव्हेंबरला पॅरिस नगरपालिकेत तिचा अधिकारी शोमेत याने ओलँपचे उदाहरण देऊन, घरसंसार सोडून राज्यकारभारात पडणाऱ्या बाईचे काय होते ते पाहा, असे स्त्रियांना धमकावले. मे 1795 मध्ये अधिवेशनाच्या प्रेक्षागृहात बसण्याचा आणि रस्त्यावर पाचांहून अधिक संख्येने जमण्याचा हक्कही स्त्रियांनी गमावला.

विस्मृती आणि पुनर्शोध

1804च्या नागरी संहितेने, म्हणजे नेपोलियनच्या कायद्याने, क्रांतीने दिलेले बरेचसे परत घेतले. पत्नीने पतीची आज्ञा पाळावी, असे कलमच त्यात आले. नवऱ्याच्या परवानगीवाचून तिला न्यायालयात जाता येईना की मालमत्ता विकता येईना. अपत्याच्या पित्याचा शोध घेण्यास मनाई झाली, आणि ओलँपच्या अकराव्या कलमाला कायद्याने असे उलटे उत्तर दिले. ही मनाई 1912 पर्यंत टिकली. 1816 मध्ये घटस्फोट रद्द झाला, तो 1884 मध्ये परत आला. मुलीचा समान वारसाहक्क तेवढा या पडझडीतून वाचला.

ओलँपचे नाव एकोणिसाव्या शतकात राहिले ते मुख्यतः टवाळीच्या रूपाने. अर्धशिक्षित, भावनाविवश, स्वतःच्या नादात वाहवलेली बाई, असे तिचे चित्र रंगवले गेले. 1904 मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने तिच्यावर वैद्यकीय प्रबंध लिहून समाजसुधारणेची तिची तळमळ हे मानसिक आजाराचे लक्षण ठरवले. युक्तिवादाला उत्तर देता आले नाही की बोलणारीच्या डोक्यात बिघाड शोधायचा, ही जुनी रीत त्यात दिसते. हे चित्र पालटण्यास 1981 पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी ओलिव्हिए ब्लाँ या अभ्यासकाने मूळ कागदपत्रांवर आधारलेले तिचे चरित्र प्रसिद्ध केले. 1986 मध्ये बेन्वात ग्रू या लेखिकेने तिचे निवडक लेखन संपादित केले. ऑक्टोबर 2016 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेच्या इमारतीत तिचा अर्धपुतळा बसवण्यात आला, आणि 2024च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात सीन नदीकाठी उभारलेल्या दहा स्त्रियांच्या पुतळ्यांत तिचाही होता.

तिच्या मागण्या एकेक करून कायद्यात आल्या, पण फार उशिरा. स्त्रियांना मताधिकार देणारा आदेश 21 एप्रिल 1944 रोजी निघाला आणि 29 एप्रिल 1945च्या नगरपालिका निवडणुकीत फ्रान्सच्या स्त्रियांनी प्रथमच मत दिले. सहावे कलम लिहिल्यापासून 153 वर्षांनी हा हक्क मिळाला. नवऱ्याच्या संमतीविना नोकरी करण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याचा हक्क विवाहित स्त्रीला 1965 मध्ये मिळाला. औरस आणि अनौरस अपत्यांना तत्त्वतः समान मानणारा कायदा 1972 चा. आई किंवा बाप यांपैकी कोणाचेही, अथवा दोघांचेही, नाव मुलाला लावण्याची मुभा 2002च्या कायद्याने दिली. तिच्या विवाहकरारात ही तरतूद 1791 मध्येच होती.

ओलँप द गूजच्या लढ्याचे महत्त्व या तारखांपलीकडेही आहे. राज्यकर्त्यांनी स्वतः मान्य केलेले तत्त्व हाती घ्यावे, ते ज्यांना नाकारले गेले आहे त्यांचे नाव त्याच वाक्यात घालावे आणि मग ते वाक्य नाकारण्याचे कारण विचारावे, ही पद्धत तिने घालून दिली. या पद्धतीला सैन्य लागत नाही की संपत्ती लागत नाही, लागते ती स्पष्ट बुद्धी आणि परिणाम सोसण्याची तयारी. सर्वांसाठी म्हणून लिहिलेल्या कोणत्याही घटनेत, कायद्यात किंवा ठरावात प्रत्यक्षात कोण कोण बसते, हे कलमाकलमाने तपासणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो हक्क स्त्रीच्या वतीने पहिल्यांदा पूर्ण मसुद्याच्या रूपात बजावणाऱ्यांत ओलँप द गूजचे स्थान अग्रभागी आहे.